आरशावांचूनचा कॅमेरा आणि त्याची पारख

नाशिकच्या इंदिरानगरांतील एका मध्यम स्थितीच्या कुटुंबांत गेले दोन महिने एकाच गोष्टीचा खल चालला आहे. घरांतील मुलगी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहान मुलांच्या शिकवण्या करून तिनें कांहीं रक्कम सांठविली आहे, तितकीच भर वडील घालणार आहेत, आणि त्या पैशांतून घरांत एक चांगला कॅमेरा यावयाचा आहे. तो लहान असावा, खांद्याला जड होऊं नये, आणि २०२७ सालच्या सिंहस्थापूर्वीं हाताला चांगला सरावलेला असावा, एवढें सर्वांचें एकमत आहे. मतभेद आहे तो त्यापुढें. मुलगी म्हणते, कॅमेरा उत्तम घ्यावा, बाकीचें सामान मागाहून पाहतां येईल. आई म्हणते, हातांत फोन आहे तो काय वाईट आहे? आणि आजी एवढेंच विचारते, "मागच्यासारखी त्याची बॅटरी तर संपणार नाहीं ना?"

आजीच्या प्रश्नाला कारण घडलेलें आहे. २९ ऑगस्ट २०१५ रोजीं, गेल्या सिंहस्थांतील पहिल्या शाही स्नानाच्या दिवशीं, हें सारें कुटुंब रामकुंडाकडे निघालें होतें. शेजाऱ्यांकडून कॅमेरा मागून आणला होता. वाहनें दूरच अडविलेलीं असल्यामुळें चालणें पुष्कळ झालें. वाटेंत ध्वज, भगवीं वस्त्रें, पोलिसांची धांवपळ, जें दिसेल तें टिपलें गेलें. काढलेलें प्रत्येक छायाचित्र मागच्या पडद्यावर सर्वांना दाखविण्यांत आलें, आणि मधल्या वेळांत पडदा तसाच उजळत राहिला. नदीच्या पायऱ्यांपर्यंत पोंचतां पोंचतां तो काळा झाला. आजोबा आणि आजी एकमेकांचा हात धरून पाण्यांतून वर आले, त्या क्षणाचें छायाचित्र निघालें नाहीं. दोन वर्षांनीं आजोबा वारले. त्या दिवसाचीं तीसएक छायाचित्रें घरांत आहेत. त्यांत आजोबा एकदांच दिसतात, आणि तेहि पाठमोरे.

कॅमेरा घेतांना दुकानदार जे गुण सांगतो त्यांत या प्रसंगाला उत्तर देणारा गुण सहसा नसतो. म्हणून कॅमेऱ्याची पारख करतांना ती ज्या दिवसासाठीं तो घ्यावयाचा, त्या दिवसाच्या कामाशीं ताडून करणें अवश्य आहे. आणि तसें ताडूं लागलें म्हणजे बॅटरी, कार्ड, पट्टा हीं उपांगें न राहतां कॅमेऱ्याचींच अंगें ठरतात. या दृष्टीनें हल्लीं ज्याला मिररलेस म्हणतात, त्या आरशावांचूनच्या कॅमेऱ्याचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम हा आरसा कोणता, तें पाहिलें पाहिजे. पूर्वीच्या एकभिंगी परावर्तक कॅमेऱ्यांत, म्हणजे लोक ज्याला एस्‌. एल्‌. आर. म्हणत त्यांत, भिंगाच्या मागें तिरपा आरसा बसविलेला असे. भिंगांतून आलेला प्रकाश या आरशावर पडून वर जाई, तेथील लोलकांतून वळून पाहणाऱ्याच्या डोळ्याला मिळे, आणि त्याला खरें दृश्य जसेंच्या तसें दिसे. कळ दाबतांच आरसा वर उचलला जाई, प्रकाश मागच्या फिल्मवर पडे, आणि आरसा पुन्हां खालीं येई. फिल्म गेली आणि तिच्या जागीं प्रकाशाचें विजेंत रूपांतर करणारा सेन्सर आला, तरी ही आरशाची योजना पुष्कळ वर्षें तशीच चालूं राहिली. सेन्सरला दिसणारें चित्र सतत पडद्यावर दाखवितां येतें, मग डोळ्यासाठीं वेगळा आरसा कशाला, या विचारांतून २००८ सालीं ऑलिंपस आणि पॅनासोनिक या जपानी कंपन्यांनीं मिळून एक नवी रचना जाहीर केली, आणि त्याच वर्षीं पॅनासोनिकचा जी १ हा त्या रचनेचा पहिला कॅमेरा निघाला. २०१० सालीं सोनी कंपनी या क्षेत्रांत उतरली. कॅनन आणि निकॉन यांनीं २०१८ सालीं मोठ्या सेन्सरचे आरसाविरहित कॅमेरे आणल्यावर बाजाराचा ओघ निश्चितपणें या बाजूला वळला.

आरसा गेल्यानें जागा किती वाचली, याचें माप घेतां येतें. भिंग जेथें बसतें त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचें अंतर निकॉनच्या जुन्या पद्धतींत ४६.५ मिलिमीटर होतें. नव्या पद्धतींत तें १६ मिलिमीटर आहे. कॅननचें ४४ वरून २० वर आलें. सोनीचें १८ आहे. म्हणजे सुमारें एक इंच खोली एकदम कमी झाली. लोलक गेल्यामुळें वरचा उंचवटाहि गेला. २०१८ सालच्या निकॉन डी ३५०० या आरशाच्या कॅमेऱ्याची उंची ९७ मिलिमीटर आहे; २०१९ सालच्या सोनी ए ६४०० या आरशावांचूनच्या कॅमेऱ्याची सुमारें ६७. एक पिशवींत मावतो तर दुसरा मोठ्या खिशांतहि जाऊं शकतो.

परंतु आकार लहान झाला म्हणून वजनहि तितकेंच उतरलें, असें समजूं नये. बॅटरी व कार्ड धरून वरील निकॉनचें वजन ४१५ ग्रॅम, आणि सोनीचें ४०३ ग्रॅम. अंतर अवघें बारा ग्रॅमांचें आहे. शिवाय कॅमेरा कधीं एकटा हिंडत नाहीं. त्याच्या तोंडाला भिंग असतें. सोनीचें घडी होणारें १६-५० मिलिमीटरचें लहान भिंग ११६ ग्रॅमांचें आहे. तें लावल्यास सारें ओझें सव्वापांचशें ग्रॅमांच्या आंत राहतें. दूरचें टिपणारें ५५-२१० मिलिमीटरचें भिंग मात्र ३४५ ग्रॅमांचें आहे. तें लावलें कीं लहानपणाची ऐट बरीचशी संपली. भिंगाचा आकार हा सेन्सरचा आकार आणि दूरचें किती जवळ आणावयाचें यांवर ठरतो. आरसा असण्यानसण्याशीं त्याचा संबंध थोडा. म्हणून दुकानांत कॅमेरा हातीं घेतांना ज्या भिंगासह तो वापरावयाचा आहे त्या भिंगासहच घ्यावा, आणि दहा मिनिटें उजव्या हातांत धरून उभें राहावें. मनगट जें सांगेल तें छापील माहितीपत्रांत सांपडत नाहीं.

आतां आईच्या प्रश्नाकडे वळलें पाहिजे. फोन पुरेसा नाहीं काय? दिवसाउजेडीं, जवळचें, घरगुती छायाचित्र काढावयाचें तर तो पुष्कळदां पुरेसा आहे, हें मोकळेपणें मान्य करावें. फरक पडतो तो सेन्सरच्या क्षेत्रफळामुळें. फिल्मच्या जुन्या चौकटीएवढा मोठा सेन्सर ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरांचा असतो. ए ६४०० सारख्या लहान कॅमेऱ्यांतील २३.५ गुणिले १५.६, म्हणजे सुमारें ३६६ चौरस मिलिमीटरांचा. फोनमधील सेन्सर बहुधा करंगळीच्या नखाएवढा असतो. पावसाच्या पाण्यासाठीं अंगणांत घंगाळ ठेविलें काय किंवा वाटी ठेविली काय, पाऊस तोच, पण सांठा वेगळा. प्रकाशाचेंहि तसेंच आहे. पहाटेच्या अंधुक प्रकाशांत, देवघरांतील समईच्या उजेडांत, किंवा पांडवलेण्यांच्या अंधाऱ्या विहारांत हा फरक डोळ्यांना दिसतो. फोन आपली उणीव हिशेब करून भरून काढतो. एकामागून एक अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक चित्र बनवितो. हलत्या माणसाच्या बाबतींत ही युक्ति कधीं कधीं फसते आणि चेहरा पुसट होतो. भिंग बदलण्याची सोय तर फोनला नाहींच. ज्या घराला या दोन्ही गोष्टींची गरज नाहीं, त्यानें कॅमेऱ्यावर पैसे घालूं नयेत.

आजीचा प्रश्न याहून अधिक खोल आहे. आरशाच्या कॅमेऱ्यांत नुसतें पाहण्याला वीज जवळजवळ लागत नसे. कांच आणि आरसा यांना भूक नसते. आरशावांचूनच्या कॅमेऱ्यांत सेन्सर, हिशेब करणारी चकती आणि पडदा हीं तिन्ही, कॅमेरा सुरू असेपर्यंत, अखंड जागीं असतात. छायाचित्र न काढतां नुसतें डोळा लावून वाट पाहिली तरी वीज खर्च होतच राहते. वरच्याच दोन कॅमेऱ्यांची तुलना या दृष्टीनें बोधप्रद आहे. निकॉन डी ३५०० ची बॅटरी सुमारें ८.९ वॉट-तासांची आहे, आणि तीवर १५५० छायाचित्रें निघतात असें प्रमाणित झालेलें आहे. सोनी ए ६४०० ची बॅटरी सुमारें ७.३ वॉट-तासांची, तीवर मागील पडदा वापरून ४१० आणि डोळा लावावयाच्या लहान खिडकींतून पाहून ३६० छायाचित्रें निघतात. एका वॉट-तासाला पहिला सुमारें पावणेदोनशें छायाचित्रें देतो, तर दुसरा छप्पन्न. हा दोष त्या एका कॅमेऱ्याचा नव्हे; आरसा काढून टाकण्याचें तें मोल आहे.

हे आंकडे कोठून येतात, हेंहि जाणून घेण्यासारखें आहे. जपानमधील कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेनें, जिला सीपा म्हणतात, बॅटरीच्या परीक्षेची एक ठराविक रीत घालून दिली आहे. खोलींत तपमान २३ अंश सेल्सिअस असावें, दर तीस सेकंदांनीं एक छायाचित्र काढावें, कॅमेऱ्याला अंगचा दिवा असल्यास एकाआड एक छायाचित्राला तो लावावा, आणि दर दहा छायाचित्रांनंतर कॅमेरा एकदां बंद करून पुन्हां सुरू करावा, असे तिचे नियम आहेत. सर्व कॅमेऱ्यांना एकच माप लागत असल्यामुळें एकाची दुसऱ्याशीं तुलना करावयास हे आंकडे फार उपयोगी पडतात. परंतु घरचा दिवस या नियमांनीं चालत नाहीं. लग्नांत भराभर वीस छायाचित्रें काढणाऱ्याला छापील आंकड्याहून पुष्कळ अधिक मिळतात. पडदा उजळत ठेवून मिरवणुकीची वाट पाहणाऱ्याला, किंवा काढलेलें प्रत्येक चित्र दहा जणांना दाखविणाऱ्याला, पुष्कळ कमी. चलच्चित्र घेणाऱ्याला तर आंकडाच वेगळा लागतो: ए ६४०० वर थांबत थांबत, नेहमींच्या रीतीनें चित्रण केल्यास एका बॅटरीवर सव्वा तासाच्या आसपास काम होतें.

म्हणून प्रत्येकानें आपली घरची कसोटी लावावी. कॅमेरा घेतल्यावर पहिल्याच रविवारीं बॅटरी पूर्ण भरावी. सिंहस्थाच्या दिवशीं जसें वागावयाचें तसेंच त्या दिवशीं वागावें; चालावें, थांबावें, पाहावें, दाखवावें. बॅटरी संपेपर्यंत किती छायाचित्रें निघालीं आणि किती तास गेले, हीं दोन माहितीं वहींत लिहून ठेवावीं. समजा, छापील ४१० च्या ऐवजीं २८० निघालीं आणि साडेतीन तास गेले. मग पहाटे चारला घर सोडून दुपारीं दोनला परतावयाचें असल्यास एका बॅटरीनें काम भागणार नाहीं, तीन लागतील, हें गणित शाळेंतील मुलालाहि करतां येईल. त्याबरोबर दोन संवयी लावून घ्याव्या: एक मिनिट कळ न दाबल्यास कॅमेरा आपोआप निजावा अशी व्यवस्था करावी, आणि चित्रें दाखविण्याचा कार्यक्रम घरीं परतल्यावर ठेवावा. २०१५ सालीं केवळ एवढें पाळलें असतें तरी आजोबांचें छायाचित्र निघालें असतें.

बॅटरीवर हवामानाचाहि परिणाम होतो, आणि नाशिक जिल्ह्यांत तो दोन्ही बाजूंनीं अनुभवास येतो. निफाड तालुक्यांत गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचा जलाशय आहे. रामसर यादींत आलेलें तें महाराष्ट्रांतील पहिलें पाणथळ, जानेवारी २०२० मध्यें तसें जाहीर झालें. हिवाळ्यांत तेथें दूरदेशींचे पक्षी उतरतात, आणि त्यांना पाहावयास जाणारा पहाटेच पोंचतो. त्याच निफाडचा पारा थंडीच्या लाटेंत एका आंकड्यावर उतरतो. लिथियम-आयन बॅटरींतील रासायनिक व्यवहार थंडींत मंदावतो, अंतर्गत विरोध वाढतो, आणि वीज शिल्लक असूनहि बॅटरी संपल्याचें चिन्ह दिसूं लागतें. अशा वेळीं ती काढून आंतल्या खिशांत अंगाच्या उबेला ठेवावी आणि दुसरी घालावी. थोड्या वेळानें पहिली पुन्हां काम देते. उन्हाळ्यांतील नुकसान मात्र भरून येत नाहीं. उन्हांत उभ्या मोटारींत बॅटरी राहिली तर तिची धारणशक्ति कायमची घटते. महिनोन्‌महिने वापर नसेल तर ती निम्मी भरून, थंड व कोरड्या जागीं ठेवावी. पूर्ण रिकामी करून मगच भरावी, हा जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा नियम हिला लागूं नाहीं.

जादा बॅटरी घेतांना बाजारांत दोन किमती ऐकूं येतात. कॅमेरा करणाऱ्या कंपनीच्या बॅटरीची, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या बॅटरीची. दुसरी सरसकट वाईट असते असें नाहीं, परंतु तिच्यावरील आंकडे तपासून घेतले पाहिजेत. मिलिअँपिअर-तासांचा आंकडा व्होल्टच्या आंकड्यानें गुणून हजारानें भागला कीं वॉट-तास येतात. ए ६४०० च्या मूळ बॅटरीचे १०२० मिलिअँपिअर-तास आणि ७.२ व्होल्ट, गुणाकार सुमारें ७.३. तेवढ्याच आकाराच्या बॅटरीवर याच्या दुप्पट आंकडा छापलेला आढळल्यास तो छापणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. त्याच डब्यांत दुप्पट धान्य मावत नाहीं. भारतांत अशा बॅटऱ्यांना आय. एस. १६०४६ या मानकाप्रमाणें नोंदणी सक्तीची आहे. मानक ब्यूरोचें चिन्ह आणि नोंदणी-क्रमांक तीवर आहे कीं नाहीं, तें पाहावें. फुगलेली बॅटरी तर क्षणभरहि वापरूं नये. विमानानें जातांना जादा बॅटऱ्या हातच्या पिशवींतच ठेवाव्या लागतात, सामानाच्या पेटींत नव्हे. त्यांचीं टोंकें धातूला लागूं नयेत म्हणून त्यांना टोपण किंवा लहान पिशवी असावी.

उपांगांचें महत्त्व समजून घ्यावयास नाशिककरांना दूर जाण्याचें कारण नाहीं. इंदिरानगरांतून मुंबईच्या वाटेला लागलें कीं थोड्याच अंतरावर पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, आणि त्याच्या पायथ्याशीं दादासाहेब फाळके यांचें स्मारक आहे. दादासाहेब जन्मानें त्र्यंबकेश्वरचे. १९१२ सालीं ते लंडनला गेले तेव्हां त्यांनीं विल्यमसन बनावटीचा चलच्चित्र-कॅमेरा पसंत केला. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहींत. कच्ची फिल्म त्या काळीं कडेला छिद्रें न पाडतां मिळे, आणि छिद्रांवांचून ती कॅमेऱ्यांत सरकतच नसे. म्हणून छिद्रें पाडण्याचें यंत्रहि त्यांनीं मिळविलें. घरीं परतल्यावर तें छिद्रें पाडण्याचें काम, आणि फिल्म धुण्याचेंहि, सरस्वतीबाईंनीं शिकून घेतलें. मोठा पट करण्यापूर्वीं दादासाहेबांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरून त्याच्या वाढीचें, ठराविक वेळानें थोडें थोडें असें चित्रण केलें आणि तें दाखवून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास संपादन केला. ३ मे १९१३ रोजीं मुंबईस 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला, आणि त्याच वर्षीं त्यांनीं आपला कारखाना नाशिकला हलविला. हातानें फिरवावयाच्या त्या कॅमेऱ्याला बॅटरी लागत नव्हती; परंतु छिद्रें पाडण्याचें लहानसें यंत्र नसतें तर तो पेटींतच राहिला असता. आधीं लहान प्रयोग करून साधनाची खात्री करून घेण्याची त्यांची रीतहि आजच्या गृहस्थाला तितकीच उपयोगी आहे.

आजच्या कॅमेऱ्याचें छिद्रें पाडण्याचें यंत्र म्हणजे त्याचें मेमरी कार्ड. कार्डावर व्ही आणि त्यापुढें ३० असा आंकडा असल्यास सेकंदाला निदान ३० मेगाबाइट इतकें लेखन तें सतत करूं शकतें. ए ६४०० चें सर्वांत सूक्ष्म चलच्चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट मागतें. तेव्हां याहून महागाचें कार्ड घेण्याची गरज नाहीं. तासाला ४५ गिगाबाइट या हिशेबानें ६४ गिगाबाइटचें कार्ड सुमारें सव्वा तासाहून थोडें अधिक पुरतें, म्हणजे एक बॅटरी आणि एक कार्ड जवळजवळ बरोबरच संपतात. एका मोठ्या कार्डापेक्षां अशीं दोन असावीं; एक बिघडलें तरी अर्धा दिवस हातीं राहतो. कित्येक कॅमेऱ्यांच्या खोक्यांत बॅटरी बाहेर काढून भरण्याचा वेगळा चार्जर नसतो. तार कॅमेऱ्यालाच जोडावी लागते, आणि तोंवर दुसरी बॅटरी रिकामी पडून राहते. जादा बॅटरी घ्यावयाची तर चार्जरहि घेतला पाहिजे, आणि त्याची किंमत आधींच विचारून ठेवली पाहिजे. पट्टा रुंद व मऊ असावा. गर्दींत तो गळ्यांत न अडकवितां छातीवरून तिरपा घ्यावा. तिपाई रात्रीच्या व अंधारांतील कामाला उत्तम. परंतु गर्दींत ती निरुपयोगी, आणि पांडवलेण्यांसारख्या संरक्षित स्मारकांत ती उभारावयास आधीं परवानगी लागते. तिची घाई करूं नये.

दोन गोष्टींची काळजी या जातीच्या कॅमेऱ्याला विशेष घ्यावी लागते. भिंग काढलें कीं सेन्सर थेट उघडा पडतो. पूर्वीं त्याच्यापुढें आरसा आणि झडप यांचा आडोसा असे. म्हणून धुळीच्या गर्दींत भिंग बदलूं नये; बदलणें भागच असेल तर तोंड खालीं करून, वाऱ्याकडे पाठ फिरवून, झटकन बदलावें. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. दमट हवेंत भिंगाच्या आंत बुरशीचें जाळें धरतें, आणि तें काढणें घरच्या माणसाचें काम नव्हे. घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा ठेवावा. कणांचा रंग बदलला कीं ते तापवून पुन्हां वापरतां येतात. चामड्याच्या बंद पिशवींत महिनेच्या महिने ठेवणें म्हणजे बुरशीला आमंत्रण देणें होय.

राहिला प्रश्न निवडीचा. ए ६४०० च्याच वर्षीं, २०१९ सालीं, त्याच कंपनीनें ए ६६०० हा भाऊ बाजारांत आणला. त्याचें वजन ५०३ ग्रॅम, म्हणजे बरोबर शंभर ग्रॅम अधिक. त्याची बॅटरी १६.४ वॉट-तासांची, आणि तीवर पडदा वापरून ८१० छायाचित्रें निघतात. हाताचा कंप सांवरणारी योजना त्याच्या अंगांतच आहे. ती ए ६४०० ला नाहीं. उलट ए ६४०० बरोबर एक जादा बॅटरी घेतली तर छायाचित्रें ८२० होतात, आणि वजन तरी मोठ्या भावापेक्षां कमीच राहतें. एकाच्या बाजूला मध्येंच बॅटरी बदलावी न लागण्याचा निर्धास्तपणा आणि स्थिरता आहे. दुसऱ्याच्या बाजूला हलकेपणा, कमी किंमत, आणि एक बॅटरी दगा दिल्यास दुसरी हाताशीं असण्याचा आधार आहे. ज्याचें काम अंधारांत, हातांत धरून करावयाचें आहे, त्यानें पहिला मार्ग घ्यावा. ज्याला दिवसभर चालावयाचें आहे, त्यानें दुसरा. जोडी कोणत्याहि कंपनीची असो, ताडण्याची रीत हीच राहील.

इंदिरानगरांतील त्या घरीं गेल्या आठवड्यांत असा एक कागद लिहिला गेला. मुलीनें प्रथम आपल्या आवडीचा महाग कॅमेरा लिहिला आणि रक्कम तेथेंच संपली. वडिलांनीं विचारलें, "यांत दुसरी बॅटरी कोठें आहे?" ती म्हणाली, "बाबा, ती पुढल्या वर्षीं घेऊं." तेव्हां आजीनें आपल्या उशाखालील जुनें पाकीट आणलें, त्यांतलें पाठमोरें छायाचित्र कागदाशेजारीं ठेविलें आणि ती कांहीं न बोलतां स्वयंपाकघरांत निघून गेली. मुलीनें कागद उलटला आणि नव्यानें हिशेब मांडला. दर शंभर रुपयांतून पंचवीस तिनें आधींच बाजूला काढले: दोन जादा बॅटऱ्या, चार्जर, दोन कार्डें, पट्टा आणि हवाबंद डबा. उरलेल्या पंचाहत्तरांत जो कॅमेरा लहान भिंगासह बसेल तो घ्यावयाचा असें ठरलें. नांदूर मधमेश्वरसाठीं लागणारें लांब भिंग प्रसंगीं भाड्यानें आणावयाचें. तिपाई यादींतून गेली. आईचा फोनहि कामांतून सुटला नाहीं. वाटेंतील गंमतीजंमती त्यावर टिपावयाच्या, म्हणजे कॅमेऱ्याची वीज नदीपर्यंत शिल्लक राहील.

कालांतरानें या बॅटऱ्याहि थकतील. त्या घंटागाडींतील ओल्या-सुक्या कचऱ्यांत टाकावयाच्या नसतात. तीवरील काट मारलेल्या पेटीचें चिन्ह तेंच सांगतें. टोंकांना चिकटपट्टी लावून त्या इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्याव्या. कागदाच्या तळाशीं मुलीनें हेंहि लिहून ठेविलें आहे. त्याखालीं आणखी एक ओळ आहे. कॅमेरा घरांत आला कीं बॅटरी पूर्ण भरावयाची आणि पहिलें छायाचित्र रामकुंडाची वाट न पाहतां काढावयाचें: सकाळच्या उजेडांत, घराच्या दारांत, आजीचें, समोरून.